ऑटोमॅटिक फोर-व्हील ड्राइव्हला मॅन्युअल गिअरबॉक्स बसवताना गुणोत्तरे कशी ठरवावीत

जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स निकामी झाला आणि त्या जागी मॅन्युअल बसवायचे ठरले, की गॅरेजमध्ये पहिली चौकशी होते ती पाचव्या गिअरची. कोकणात विचाराला सुरुवात पहिल्या गिअरपासून करावी, कारण चिरेखाणीतून भरलेली गाडी वर काढताना किंवा पुळणीवरून होडी ओढताना पाचवा गिअर उपयोगी पडत नाही.

ऑटोमॅटिकमधील टॉर्क कन्व्हर्टर गाडी जागेवरून हलताना इंजिनाचा पीळ (फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क) साधारण दुप्पट करतो. म्हणून तेथे पहिला गिअर २.८ चा, म्हणजे इंजिनाच्या २.८ फेऱ्यांना गिअरबॉक्समधून निघणाऱ्या शाफ्टचा एक फेरा देणारा, असला तरी भागते. क्लच पीळ वाढवत नाही, त्यामुळे मॅन्युअलमध्ये पहिला गिअर ३.८ किंवा त्याहून मोठा असलेला बरा.

प्रथम गाडीचे आहे ते माप घ्यावे. सपाट जागी टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करून गाडी चाकाच्या एका फेऱ्याइतकी ढकलावी व अंतर टेपने मोजावे. नंतर इतर चाकांना दगड लावून, ट्रान्स्फर केस (गिअरबॉक्समागची, पुढच्या व मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) न्यूट्रलमध्ये ठेवून मागचे एकच चाक उचलावे. साध्या डिफरन्शियलमध्ये (एका धुऱ्याच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या, लॉक नसलेल्या यंत्रणेत) ते चाक बरोबर दोन फेरे फिरवले असता प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्स्फर केसपासून मागच्या धुऱ्यापर्यंतचा दांडा) जितके फेरे घेईल, तितके क्राउन-पिनियनचे, म्हणजे धुऱ्यातील दातेरी चाकांच्या जोडीचे, गुणोत्तर. हाउसिंग उघडलेलेच असेल तर दात मोजावेत: ३९ भागिले ११ म्हणजे ३.५५.

आता पहिला गिअर, ट्रान्स्फर केसचा लो (गाडी आणखी हळू पण जोराने चालवणारा गिअर) आणि क्राउन-पिनियन यांचा गुणाकार करावा. ३.८३, २.७२ आणि ३.५५ धरल्यास तो सुमारे ३७ येतो. चाकाचा घेर २.२५ मीटर आणि इंजिन मिनिटाला ७५० फेऱ्यांवर असेल, तर गाडी ताशी २.७ किलोमीटरने, म्हणजे चालत्या माणसाहूनही हळू, सरकते. शेवाळलेल्या जांभ्यावरून उतरताना हा वेग मला योग्य वाटतो. रिव्हर्सचाही असाच हिशेब करावा. वळायला जागा नसलेल्या पाणंदीत गाडी चढावर मागे घ्यावी लागते आणि लहान गुणोत्तराच्या रिव्हर्सने क्लचप्लेट तेथेच जळते.

त्यानंतर पाचवा गिअर पाहावा. ०.७९ गुणिले ३.५५ म्हणजे २.८, आणि ताशी ८० किलोमीटरला इंजिन सुमारे १,६६० फेऱ्यांवर राहते. जुन्या ऑटोमॅटिकच्या ०.७५ च्या चौथ्या गिअरमध्ये ते १,५८० वर असे. एवढ्या फरकासाठी क्राउन-पिनियन बदलू नये. जीप चेरोकीच्या ४ लिटर इंजिनाबरोबर कंपनी साधारणतः ऑटोमॅटिकला ३.५५ आणि मॅन्युअलला ३.०७ देत असे, हे खरे. परंतु आंबा किंवा कुंभार्ली घाट नेहमीचा असणाऱ्याने ३.५५ च ठेवावे, असे माझे मत आहे. बदलायचेच झाले तर पुढचे आणि मागचे दोन्ही बदलावेत. गुणोत्तरे वेगळी राहिली, तर कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील लावताच शाफ्टमध्ये ताण साचतो आणि काहीतरी तुटते.

घाटासाठी दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमधील अंतरही तपासावे. २.३३ वरून १.४४ वर जाताना ३,००० फेऱ्यांचे इंजिन सुमारे १,८५० वर उतरते. तेथे आपल्या इंजिनाला भरल्या गाडीसह जोर असेल तरच तो गिअरबॉक्स घ्यावा.

गुणोत्तरे जुळली तरी पैसे देण्यापूर्वी गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या खाचा ट्रान्स्फर केसला बसतात का, आणि फ्लायव्हील, पायलट बेअरिंग, क्लच पेडल मिळते का, हे पाहावे. फेरबदलाआधी आरटीओ कार्यालयात लेखी विचारणा करावी, कारण मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत केलेल्या फेरबदलांवर बंधने आहेत. स्पीडोमीटरची केबल जर गिअरबॉक्समधून येत असेल, तर काटा चुकीचा वेग दाखवू शकतो; तो मोबाइलच्या जीपीएसशी ताडून त्याचा छोटा गिअर बदलून घ्यावा.