लुक्रेशियाची कथा व्याख्यानात कशी मांडावी

मराठवाड्यातील एखाद्या ग्रंथालयाच्या किंवा महाविद्यालयाच्या व्याख्यानमालेत जिच्या मृत्यूमुळे रोमची राजेशाही उलथली असे सांगतात त्या लुक्रेशियावर बोलायचे असेल, तर ही आख्यायिका आहे हे वक्त्याने सुरुवातीलाच सांगून टाकावे. रोममध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आल्याचे परंपरागत वर्ष इ.स.पू. 509 आहे आणि ही कथा विस्ताराने सांगणारा लिव्ही हा इतिहासकार त्यानंतर सुमारे 500 वर्षांनी लिहीत होता. तेर आणि पैठणच्या रोमन व्यापाराचा विषय इथे ओढून आणण्याचा मोह होतो. परंतु तो व्यापार बऱ्याच नंतरच्या काळातला असल्यामुळे तो बाजूलाच ठेवावा.

कथेचा आरंभ रोमन सैन्याने आर्डीआ नगराला घातलेल्या वेढ्यापासून करावा. छावणीत मद्यपान करीत बसलेले राजपुत्र कोणाची पत्नी श्रेष्ठ यावरून इरेला पेटतात आणि खात्री करून घेण्यासाठी घोड्यांवर स्वार होऊन निघतात. राजाच्या सुना मेजवानीत रमलेल्या असतात, तर राजपुत्रांसोबतच्या कोलातिनुसची पत्नी लुक्रेशिया रात्री उशिरा दिव्याच्या उजेडात दासींसह लोकरीचे काम करीत असते. हा प्रसंग सावकाश सांगावा, कारण पुढच्या अनर्थाचे मूळ पुरुषांच्या या चढाओढीत आहे, तिच्या वागण्यात नाही, हे श्रोत्यांना इथेच उमगायला हवे. काही दिवसांनी राजपुत्र सेक्स्टस एका सोबत्यासह परत येतो. अत्याचाराचे वर्णन करू नये. मात्र त्याची धमकी अवश्य सांगावी: नकार दिल्यास तिला ठार करून शेजारी मारलेल्या गुलामाचे विवस्त्र प्रेत ठेवू, म्हणजे ती व्यभिचारात मारली गेली असेच लोक म्हणतील.

सर्वाधिक वेळ त्यानंतरच्या भेटीला द्यावा. ती वडिलांना आणि पतीला बोलावून घेते, घडलेले सांगते आणि सूड घेण्याचे वचन मागते. पाप मन करते, शरीर नव्हे, अशी समजूत तिचे आप्त काढतात. तरीही स्वतःला निर्दोष मानणारी लुक्रेशिया लपवलेला सुरा छातीत खुपसून घेते आणि पतीसोबत आलेला ब्रुटस तोच रक्ताळलेला सुरा हाती धरून राजघराणे हाकलून लावण्याची शपथ घेतो.

इथे सभेतून कोणीतरी अहल्येचा किंवा पतिव्रतेच्या आदर्शाचा दाखला देईलच. तो आदराने ऐकून घ्यावा, पण तिच्या मरणाचा गौरव मात्र मुळीच करू नये. समोर बसलेल्या एखाद्या मुलीपर्यंत त्यातून काय पोहोचेल याची जबाबदारी वक्त्यावर असते, म्हणून आप्तांचे ते वाक्य पुन्हा एकदा, ठासून सांगावे. पाचव्या शतकात ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टीनने ती निर्दोष होती तर मेली का, असा प्रश्न विचारला. त्याचा उल्लेख केल्यास तो सारा दोष पुन्हा तिच्याकडे वळवतो, सेक्स्टसकडे नाही, हेही सांगावे.

तिची कीर्ती का टिकली हे दाखवण्यासाठी डच चित्रकार रेम्ब्रांटची 1664 आणि 1666 सालची दोन चित्रे पुरेशी आहेत. पहिल्यात सुरा अजून हातात रोखलेला आहे, दुसऱ्यात अंगरख्यावर रक्त उतरले आहे. ती याच क्रमाने पडद्यावर दाखवून त्यानंतर प्रश्न घ्यावेत.