कोल्हापुरात दोन चौकांतली हवा कशी ताडून बघायची

दाभोळकर कॉर्नर या रहदारीच्या चौकातली हवा शिवाजी विद्यापीठापेक्षा खराब आहे हे कोणीपण सांगेल, पण किती खराब हे सांगायचं तर मोजायला लागतं. आणि तिथंच बऱ्याच जणांचं चुकतं, आज एका चौकात हवेतले कण मोजायचा मीटर धरला, उद्या दुसऱ्या, आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवले. अहो वारा पडला की सगळ्या शहराचेच आकडे चढतात, मग फरक जागेचा का दिवसाचा, कसं कळणार?

म्हणून कमीत कमी दोन मीटर घ्या आणि एकाच वेळी चालू ठेवा. एक रहदारीत, दुसरा विद्यापीठासारख्या मोकळ्या जागी. पण त्याआधी दोन्ही मीटर घरच्या गच्चीवर शेजारी शेजारी तीन दिवस ठेवा, हे अजिबात टाळू नका. एकाच हवेत एक 40 दाखवतो आणि दुसरा सारखा 50, असं असेल तर दुसऱ्याचा प्रत्येक आकडा 0.8 ने गुणायचा. हे न करता काढलेला फरक मीटरचाच असू शकतो.

स्वस्त मीटर कणांचं वजन करत नाही, लेसरचा उजेड कणांवर पडून किती विखुरतो त्यावरून अंदाज काढतो. पहाटे रंकाळा तलावावर धुकं असलं की ओलाव्यानं कण फुगतात आणि आकडा उगाच वाढतो, त्यामुळं आर्द्रता पण लिहून ठेवा, धुक्याचे तास बाजूला काढा. पीएम 2.5 वर, म्हणजे 2.5 मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांच्या आकड्यावर भरवसा ठेवा, पीएम 10, म्हणजे 10 मायक्रॉनपर्यंतचे कण, या मीटरना नीट जमत नाही. सरकारी पद्धतीत फिल्टर पेपरचं आधी आणि नंतर वजन करतात, ते पक्कं.

जागा निवडताना डोळे उघडे ठेवा. मी एकदा चहाच्या गाडीजवळच्या खांबाला मीटर बांधला, स्टोव्ह पेटला की आकडा उडायचा, चार दिवसांचं काम वाया गेलं. तेव्हापासून वहीत सगळं लिहितो, कचरा पेटवला, रस्ता झाडला, पाऊस आला. ऊसतोडीच्या दिवसांत गुऱ्हाळं चालू असतात, शेतात पाचट पेटवतात, म्हणून जानेवारीचा आकडा जुलैशी लावू नका.

आपल्याकडं पीएम 2.5 ची मर्यादा 60 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, पण ती 24 तासांच्या सरासरीची. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये 15 सांगितलीय. दहा मिनिटांच्या आकड्याला या मर्यादा लावायच्या नाहीत.

आणि शाळेजवळ मोजत असाल तर शाळा सुटायचा तास वेगळा काढा, मीटर जमिनीपासून मीटरभर उंचीवर ठेवा. पहिलीतल्या पोराचं नाक तिथंच असतं, रिक्षाच्या धुराच्या जवळ.