डोंगरउतार, नदीकाठ आणि काळं रान: साताऱ्यात गॅसलाइनखालची जमीन सरकते का, हे कसं तपासावं

हे काम मे महिन्यात सुरू होतं. जुलैत भेग दिसली म्हणून टेप घेऊन धावलात, तर ती भेग कालची की तीन वर्षांपूर्वीची हे सांगायला कुणी नसतं. म्हणून मृगाच्या आत सगळी लाइन एकदा पायी चालून काढायची. प्रत्येक मार्कर (लाइनची जागा दाखवणारा खांब) सरळ आहे का, बांध कुठे मोडलाय, ओढ्याचं पात्र कुठवर आलंय, हे चेनेजसकट (लाइनच्या सुरुवातीपासूनच्या अंतरासकट) वहीत आणि फोटोत घ्यायचं. पुढची सगळी मापं या नोंदीशी ताडली जाणार असतात.

पाटण, जावळी, महाबळेश्वरकडच्या उतारांवर कातळावर मुरूम आणि तांबड्या मातीचा थर असतो. पावसाचं पाणी मुरून कातळाच्या पाठीवर साचतं आणि वरचा थर घसरतो. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या, त्या अतिवृष्टीतच. अशा उतारावर नुसतं लाइनच्या पट्ट्यात बघून भागत नाही, वर दोन-तीनशे मीटर चढायचं. चंद्रकोरीसारखी भेग, कोयत्यासारखे वाकलेले बुंधे, मधेच पाऊल खचल्यासारखा झालेला ताल (उतारावरच्या शेताचा बांध), नवा फुटलेला झरा ही लक्षणं. वर्षानुवर्षं वाहणारा झरा अचानक आटला किंवा गढूळ झाला तर तेही लिहायचं. पाण्याची आतली वाट बदलल्याची ती खूण असू शकते. हे सगळ्यात आधी गुराख्याला कळतं, त्याचा फोन नंबर जवळ असू द्या.

भेग सापडली की तिच्या दोन्ही बाजूंना मीटरभर लांबीची लोखंडी सळई ठोकायची, डोक्यावर पंचने टिंब मारायचं आणि टिंब ते टिंब स्टीलच्या टेपने मोजायचं. कापडी टेप नको, तो ओला झाला की ताणतो. एकच माणूस, एकच टेप, तेवढ्याच ताणाने. पावसाळ्यात आठवड्याला, जोराचा पाऊस लागला की रोज. जवळच पर्जन्यमापक हवा, कारण पावसाच्या आकड्याशिवाय हे माप अर्धवट आहे.

एकूण किती सरकलं यापेक्षा वेग महत्त्वाचा. समजा लागोपाठ चार दिवस भेग १, १.३३, २ आणि ४ मिलिमीटर रुंदावली. बेरीज जेमतेम ८ मिलिमीटर, कुणी ढुंकूनही बघणार नाही. आता प्रत्येक आकड्याने १ ला भागा: १, ०.७५, ०.५, ०.२५. आलेखावर ही रेषा सरळ खाली उतरते आणि पाचव्या दिवशी शून्याला टेकते. उतार कोसळण्याचा अंदाज तोच. दर वेळी इतकं नेमकं जमत नाही, पण रेषा शून्याकडे झुकू लागली की माणसं तिथून हलवायची आणि कंट्रोल रूमला कळवायचं. उद्याच्या मापाची वाट बघायची नाही.

पाइपवर स्ट्रेन गेज (पाइप किती ताणला किंवा दबला ते मोजणारी पट्टी) बसवताना जागा चुकली तर पैसे वाया. लाइन उताराला आडवी जात असेल तर पाइप सर्वाधिक वाकतो तो घसरणाऱ्या पट्ट्याच्या दोन्ही कडांवर. अनेकदा गेज मधोमध बसवतात, तिथे पाइप मातीबरोबर गुमान सरकत असतो आणि रीडिंग फसवं शांत दिसतं. लाइन उतारावरून सरळ खाली येत असेल तर वरच्या टोकाला ताण येतो, खालच्या टोकाला दाब, आणि दाबाच्या टोकाला पाइपला सुरकुती पडते.

एका जागी तीन गेज लावायचे, १२० अंशांवर: घड्याळाच्या १२, ४ आणि ८ च्या जागी. वेल्डपासून किमान दीड व्यास दूर. गॅस चालू असलेल्या पाइपवर ते इपॉक्सीने चिकटवावेत, वेल्डिंग करू नये. कोटिंग जेवढं खरवडाल तेवढं त्याच दिवशी नीट बंद करायचं, नाहीतर गेजच्या शेजारीच गंज धरेल. समजा रीडिंग आलं वर ६००, बाकी दोन्हीकडे १५० मायक्रोस्ट्रेन (एक मायक्रोस्ट्रेन म्हणजे लांबीत दहा लाखांत एक भाग फरक). सरासरी ३०० हा सरळ ताण, उरलेले ३०० वाकण्याचे. १००० मायक्रोस्ट्रेन म्हणजे स्टीलमध्ये ढोबळमानाने २०० मेगापास्कल, तेव्हा वरच्या बाजूला १२० मेगापास्कल ताण वाढला. वाढला, एकूण नव्हे! गेज लावायच्या आधी डोंगराने पाइपला काय केलं ते गेजला माहीत नसतं. ते हवं असेल तर आयएमयू (दिशा आणि हालचाल टिपणारं यंत्र) बसवलेला पिग, म्हणजे पाइपच्या आतून जाणारं तपासणीचं उपकरण, सोडून पाइपची वक्रता काढावी लागते. तापमानाची दुरुस्तीही विसरू नका. जमिनीत जखडलेल्या पाइपमध्ये एका अंशाला सुमारे २.४ मेगापास्कल फरक पडतो.

घसरण किती खोल आहे हे इन्क्लिनोमीटरने, म्हणजे बोअरमध्ये उतरवून कल मोजणाऱ्या उपकरणाने, कळतं. बोअरमधली नळी, म्हणजे केसिंग, कातळात ३ मीटर तरी रोवलेली हवी. खालचं टोकच सरकत असेल तर सगळी मापं खोटी. दर अर्ध्या मीटरला रीडिंग घ्यायचं आणि प्रोब (नळीत सोडायचा मोजणारा भाग) उलटा फिरवून पुन्हा तेच, म्हणजे उपकरणाची चूक कटते. सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडार प्रतिमांवर उन्हाळ्यात हळू सरकणारे उतार छान ओळखू येतात. पावसाळ्यात झाडोरा वाढला की चित्र विस्कटतं, शिवाय उत्तर-दक्षिण सरकणं त्यात जवळजवळ दिसतच नाही.

कराडजवळ कोयना कृष्णेला मिळते. त्या पट्ट्यात धोका पूर चढताना जेवढा, त्याहून ओसरताना जास्त. पाणी झपाट्याने उतरतं, काठाची माती मात्र आतून ओलीच राहते आणि ढासळते. पूर गेल्यावर पहिल्याच आठवड्यात लोकेटरने (पुरलेला पाइप शोधणाऱ्या यंत्राने) पाइपवर किती माती उरली ते मोजायचं. उघडा पडलेला पाइप तरंगू पाहतो: १२ इंची, ६.४ मिलिमीटर जाडीचा पाइप मीटरला सुमारे ५० किलो भरतो, पण पाणी सारतो ८२ किलो. म्हणजे मीटरमागे ३२ किलोंचा वर रेटा. काँक्रीटचं आवरण त्यासाठीच असतं.

काळ्या रानात जमीन घसरत नाही, फुगते आणि आटते. एमडीपीई (मध्यम घनतेच्या पॉलिथिलीनचा, लवचिक प्लास्टिकचा) पाइप ते सोसतो. तुटतं ते जिथे पाइप कडक भागाला जोडलाय तिथे: घराच्या भिंतीजवळचा रायझर (जमिनीतून वर येणारा उभा पाइप), ट्रान्झिशन फिटिंग (प्लास्टिक आणि धातूच्या पाइपचा जोड), टॅपिंग टी (मुख्य लाइनवरून फाटा काढायचा जोड). खंदकात पाइप किंचित नागमोडी टाकावा, भोवती वाळू किंवा बारीक मुरूम भरावा, काळी ढेकळं नाहीत. एप्रिल-मेच्या भेगांतून गॅस लांब जातो आणि मातीत वास शोषला जातो, म्हणून नाकावर विसंबू नये. गॅस डिटेक्टर भेगेच्या तोंडाशी, भिंतीच्या कडेने आणि गटाराच्या झाकणापाशी फिरवावा. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन म्हणजे ठिणगीला आमंत्रण.

कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप ६ रिश्टरच्या वरचा होता आणि छोटे धक्के या भागाला नवे नाहीत. जाणवण्याइतका धक्का बसला की त्याच दिवशी उतारावरच्या सळया मोजून याव्यात.

ताण मर्यादेकडे गेला तर आधी दाब उतरवायचा, मगच खोदाई. ती मर्यादा लाइनचं डिझाइन करणाऱ्याने प्रत्येक जागेसाठी ठरवून दिलेली असावी, ऐन वेळी अंदाजाने नाही. घसरणाऱ्या पट्ट्याच्या बाहेरपर्यंत पाइप उघडा केला की तो आपोआप मूळ आकाराकडे सरकतो. भर पावसात उताराच्या पायथ्याशी मात्र खोदू नका, तोच वरच्या मातीचा टेकू असतो. पाइप मोकळा होताना गेज वाचत राहा, नेमका किती ताण सुटला ते तेव्हाच कळतं. नंतर परत भरताना खाली पाण्याला वाट ठेवायची, आणि वहीतलं जुनं शून्य (ज्याच्याशी पुढची मापं ताडतात ते सुरुवातीचं माप) न खोडता त्याखाली तारीख टाकून नवं शून्य लिहायचं.