वर्डची फाईल उघडत नाही? उघडण्याच्या नादात या चुका टाळा

सप्टेंबरात सोसायट्यांच्या वार्षिक सभा सुरू झाल्या की आमच्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात एकच गर्दी. गेल्या वर्षी अशाच गडबडीत बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी पेनड्राईव्ह घेऊन आले. "रविवारी सभा हाय, अहवाल छापायला द्यायचाय, आन् फाईल ओपनच होईना बघा."

पेनड्राईव्ह लावला तर एकाच अहवालाच्या पाच फाईली. एक डॉक, एक डॉकेक्स, एक पीडीएफ, एक 'फायनल' आणि एक 'फायनल नवीन'. "एवढ्या कशा?" म्हटलं, तर म्हणाले, "पोरानं उघडायचा प्रयत्न केला."

माझ्याकडे येणाऱ्या फाईलींपैकी बऱ्याचशा मुळात धडधाकट असतात. त्या उघडण्यासाठी घरी जे प्रयोग होतात, त्यात त्यांचे हातपाय मोडतात. म्हणून पहिलं काम एकच: फाईलची कॉपी करून डेस्कटॉपवर घ्या, मूळ फाईल आहे तशी ठेवा आणि काय ती खटपट कॉपीवर करा.

पोराने काय केलं होतं? नाव बदललं होतं. त्यांच्या ऑफिसातला कॉम्प्युटर जुना, त्यावर वर्ड २००३. डॉकेक्स हा प्रकार आला ऑफिस २००७ पासून, त्यामुळे तिथे फाईल उघडेना. मग त्याने शेवटचं डॉकेक्स खोडून डॉक केलं, तेही चालेना म्हणून पीडीएफ केलं. पोत्यावर बासमती लिहिलं म्हणून आतला इंद्रायणी बासमती होत नाही. फाईलचा प्रकार बदलायचा तर ती आधी नव्या वर्डमध्ये उघडायची आणि 'सेव्ह ॲज'मधून जुन्या प्रकारात साठवायची.

आतला माल कोणता हे ओळखायचं असेल तर कॉपी नोटपॅडमध्ये उघडून बघा. अगदी सुरुवातीला इंग्रजी 'पीके' ही दोन अक्षरं दिसली तर ती डॉकेक्स, एक्सेलची नवी फाईल किंवा साधी झिप, म्हणजे अनेक फाईली दाबून बांधलेलं एक गाठोडं. (झिप प्रकार काढणाऱ्या फिल कॅट्झच्या नावाची ती आद्याक्षरं.) टक्क्याचं चिन्ह आणि पुढे पीडीएफ दिसलं तर ती पीडीएफ. बघून झालं की नोटपॅड तसाच बंद करा. सेव्ह केलंत तर ती कॉपी गेलीच.

आता साईज बघा. पेनड्राईव्हवर नावाच्या सुरुवातीला लहरी रेघ आणि डॉलरचं चिन्ह असलेली एक फाईल कधीकधी दिसते. लोक तीच कॉपी करून आणतात. ती तुमचा अहवाल नव्हेच. फाईल उघडी असताना 'हा कागद सध्या अमक्याच्या हातात आहे' एवढी नोंद ठेवायला वर्ड ती तयार करतो. वर्डच्या त्या फाईलचा आकार अवघा १६२ बाइट. वर्ड अडकून बंद पडला की ती मागे राहते आणि मग खरी फाईल 'दुसऱ्याने उघडली आहे' म्हणत बसते. सगळ्या वर्ड खिडक्या बंद करून ती डिलीट करा, मूळ फाईलला धक्का लागत नाही. गूगल ड्राईव्हच्या फोल्डरमधून 'गूगल डॉक' म्हणून उचललेली फाईलही तशीच पोकळ. तो नुसता पत्ता असतो, मजकूर नेटवर राहतो. ब्राउझरमध्ये उघडून वर्ड प्रकारात डाउनलोड करा.

अर्धवट डाउनलोड हा तर रोजचाच प्रकार. नेटवरून पंचवीस पानांचा अहवाल येतो, गावाकडे रेंज जाते-येते, आणि अर्धीच फाईल उतरते. लोकांना वाटतं, अर्धी आली तर अर्धी पानं तरी दिसावीत. तसं होत नाही. डॉकेक्स म्हणजे आतून झिप, आणि झिपची अनुक्रमणिका असते शेवटी. शेपूट तुटलं की कोणतं पान कुठे आहे हेच वर्डला कळत नाही. अशा फाईलवर तासभर घालवण्यापेक्षा पाठवणाऱ्याला फोन करा, "परत धाडा, आन् साईज किती हाय ते सांगा." दोन्हीकडचे आकडे जुळले की झालं.

फाईल पूर्ण आहे पण वर्ड 'मजकूर वाचता येत नाही' म्हणतोय, तर वर्डमध्ये फाईल, ओपन, ब्राउझ असं जा. फाईलवर एकदाच क्लिक करा. ओपन बटणाशेजारच्या छोट्या बाणातून 'ओपन अँड रिपेअर' निवडा. डबल क्लिक करणाऱ्यांना हा बाण जन्मात दिसत नाही. एक्सेलमध्येही तो आहे. जमलं नाही तर लिबर ऑफिस फुकट मिळतं, त्यात उघडून बघा. वर्ड जिथे रुसतो तिथे ते कधीकधी निमूट उघडून देतं. शेवटचा उपाय म्हणून डॉकेक्सच्या कॉपीचं नाव बदलून झिप करा आणि उघडा. इथे मात्र नाव बदललेलं चालतं, कारण माल खरोखरच झिपचा आहे. आत 'वर्ड' फोल्डर, त्यात 'मीडिया', आणि तिथे सगळे फोटो जसेच्या तसे. चेअरमनसाहेबांचा फोटो तरी वाचतो.

एक्सेलवर डबल क्लिक केलं की एक्सेल उघडतं पण पडदा करडा, आत काहीच नाही? ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, जनरलमध्ये डीडीई (प्रोग्रॅमनी एकमेकांना निरोप द्यायची पद्धत) वापरणाऱ्या इतर प्रोग्रॅमकडे दुर्लक्ष करा अशी खूण असेल तर ती काढा. मेलवरून आलेल्या फाईलवर वर पिवळी पट्टी दिसली तर ती बिघडलेली नाही. पाठवणारा ओळखीचा असेल तरच 'एनेबल एडिटिंग' दाबा. पासवर्ड मागत असेल तर तीही बिघडलेली नाही. ई-आधारच्या पीडीएफला नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल हाच पासवर्ड.

पावसाळ्यात लाईट गेल्यावर बिघडलेल्या फाईली वेगळ्या. बाहेरून साईज बरोबर, आत नुसती शून्यं. त्यातून काही निघत नाही. पैसे घेऊन काढून देतो म्हणणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. पेनड्राईव्हवरच फाईल उघडून काम करू नका, ऑटो-रिकव्हरची (मधूनमधून आपोआप साठवण्याची) वेळ दहा मिनिटांवरून दोनवर आणा. आणि सभासदांचे आधार नंबर असलेली यादी 'फाईल दुरुस्त करून देतो' म्हणणाऱ्या अनोळखी साईटवर चढवू नका. आमच्याकडे एका संस्थेच्या माणसाने अशी यादी चढवून टाकली आणि मग विचारायला आला.

सेक्रेटरींची डॉकेक्स फाईल माझ्या कॉम्प्युटरवर उघडली. तेव्हा खरी आपल्या सीमाभागातली भानगड समोर आली. मराठी भाग व्यवस्थित, पण ऑडिटरचा कानडी रिपोर्ट म्हणजे डोक्यावर टिंबं-रेघा असलेली परदेशी अक्षरं. "बघा, बिघडलीच हाय." बिघडली नव्हती. रिपोर्ट नुडीत टाईप केलेला होता. कन्नड गणक परिषदेने केलेलं हे सॉफ्टवेअर इथल्या सरकारी कामात सर्रास चालतं, पण त्याचे जुने फॉन्ट युनिकोड, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला वेगळा ठरलेला नंबर देणाऱ्या पद्धतीचे, नाहीत. आतमध्ये इंग्रजी अक्षरांचेच नंबर असतात, फॉन्ट त्यांना कानडीचा चेहरा देतो. फॉन्ट नाही, तर चेहरा नाही. मराठीतल्या श्रीलिपीच्या जुन्या फाईलींचंही हेच.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे सगळं सिलेक्ट करून मराठीचा मंगल किंवा कानडीचा तुंगा फॉन्ट लावणं. ते युनिकोडचे, त्यांना हे नंबर इंग्रजीच वाटतात. वर मराठी भागाचा नीट लावलेला फॉन्टही जातो, मग कुठला तुकडा नुडीचा आणि कुठला इंग्रजीचा हे शोधत बसा. 'फायनल नवीन'मध्ये त्यांच्या क्लार्कने नेमकं तेच करून सेव्ह केलं होतं. योग्य रस्ता दोनच: तो फॉन्ट टाका, नाहीतर कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या आणि आकडे मूळ कागदाशी ताडून बघा. पाठवणाऱ्याने वर्डच्या ऑप्शन्समध्ये सेव्हखाली फॉन्ट फाईलमध्येच बसवायची खूण केली, किंवा सोबत पीडीएफ दिली, तर हा प्रश्नच येत नाही.

मी नुडीचा फॉन्ट टाकला, फाईल बंद करून परत उघडली. ताळेबंदाचं पान कानडीत सरळ वाचता यायला लागलं. सेक्रेटरी चष्मा पुसून जवळ आले, बोट लावून एक-एक ओळ वाचली आणि म्हणाले, "ह्यात गेल्या सालचाच आकडा हाय की हो."