कोल्हापूर ते नागपूर विमानाने: अंतर आणि वेळ स्वतः कशी काढावी

अक्षांश-रेखांश विमानतळांचे घ्या, शहरांचे नको. कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीला आहे, नागपूरचा सोनेगावला. नकाशात धावपट्टीवर बोट दाबून धरलं की आकडे दिसतात: कोल्हापूर 16.66 उत्तर, 74.29 पूर्व, नागपूर 21.09 उत्तर, 79.05 पूर्व.

आता अंतर. अक्षांशांतला फरक 4.43, त्याला 111 ने गुणा: 492 किमी. रेखांशांतला फरक 4.76. इथे मात्र 111 घेऊ नका, कारण उत्तरेकडे जावं तशा रेखावृत्तांमधल्या फटी अरुंद होत जातात. आपल्या पट्ट्यात एक अंश म्हणजे साधारण 105 किमी, म्हणून 500 किमी. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा. उत्तर सुमारे 700 किमी. कुठे 379 लिहिलेलं दिसलं तर ते सागरी मैल आहेत, 1.852 ने गुणा.

वेळ काढणं हे खरं अवघड काम, आणि मलाही सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथेच. अंतर सांगणारी बरीच पानं 700 ला सरसकट ताशी 800 किमी या वेगाने भागतात आणि ‘52 मिनिटे’ असं छापून मोकळी होतात. त्या आकड्यावर विसंबून कुणाला स्टेशनवरची पुढची गाडी गाठायला लावू नका.

पहिला प्रश्न नेहमी हाच विचारायचा: विमान कोणतं? तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो वाचाच. पंख्यांचं एटीआर 72 ताशी 500 किमीच्या आसपास उडतं, एम्ब्रेअर 175 सारखं छोटं जेट 800 च्या आसपास. याच मार्गावर एटीआरला 84 मिनिटं लागतील, जेटला 52.

तेवढ्यावरही थांबायचं नाही. विमान चढताना आणि उतरताना तो वेग नसतो, शिवाय जमिनीवरचं रांगणं आणि धावपट्टीसमोर वळून रांगेला लागणं असतंच. दोन्ही टोकांना छोटे विमानतळ असतील तर मी 20 ते 25 मिनिटं मिळवतो. एका टोकाला मुंबई असेल तर 40 धरा, त्याहून कमी धरण्यात अर्थ नाही. म्हणजे एटीआरने साधारण पावणेदोन तास, जेटने सव्वा तास. वेळापत्रकातली वेळही अशीच मोजलेली असते: विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंत. चाकं जमिनीला टेकतात तो क्षण त्यात वेगळा दिसत नाही.

वाऱ्याची फार चिंता नको. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचा वारा जोरात असतो, त्यामुळे जेट नागपूरकडे थोडं लवकर पोचतं आणि परतीला थोडं रेंगाळतं. एटीआर 25,000 फुटांच्या वर जात नाही, त्याला हा फरक कमी जाणवतो. एवढ्या अंतरावर हा काही मिनिटांचाच मामला आहे.

थेट विमान नसलं तर दोन्ही टप्पे वेगवेगळे मोजा. हैदराबादमार्गे अंतर सुमारे 880 किमी होतं, पण वेळ खातो तो मधला थांबा. दोन वेगळी तिकिटं असतील तर सामान परत घेऊन पुन्हा जमा करावं लागतं, तेव्हा तिथे तीन तासांपेक्षा कमी ठेवू नका.