सेप्टिक टँकचं झाकण फरशीखाली गाडू नका

टाकी भरली की लोकांना माझी आठवण येते. फोनवर माझा पहिला प्रश्न ठरलेला: झाकण कुठे आहे? पलीकडे शांतता. मग, "मागच्या बाजूला असेल कुठेतरी, बाबांना माहीत होतं."

रत्नागिरीकडची गोष्ट. गणपतीचा दुसरा दिवस, घरात मुंबईहून आलेली वीसेक माणसं आणि संडासातलं पाणी उतरेना. मालकांनी अंगणात हौसेने पेव्हर ब्लॉक बसवलेले. मैला उपसणारी गाडी गेटबाहेर उभी आणि आम्ही पहारीने ठोकत पोकळ आवाज शोधतोय. चौथ्या ठिकाणी झाकण सापडलं, तेही सिमेंटने लिंपलेलं. का, तर वास येऊ नये! फोडून उघडलं तेव्हा कळलं की हे फक्त पहिल्या कप्प्याचं. दुसऱ्यावर तुळशीवृंदावन. सणात तुळशीला हात कोण लावणार? अर्धीच टाकी उपसून गाडी परत गेली.

वास बहुतेकदा येतो तो व्हेंट पाइप, म्हणजे टाकीतला गॅस वर सोडणारा पाइप, बुजल्यामुळे किंवा आखूड ठेवल्यामुळे. त्याचा राग झाकणावर कशाला? मी फटीत ग्रीस भरतो, सिमेंट कधीच नाही. झाकण खोल गेलं असेल तर विटांची मान बांधून वर आणतो, काठ जमिनीपेक्षा चार बोटं उंच, नाहीतर पावसाळ्यात अंगणाचं पाणी थेट आत. प्रत्येक कप्प्याला वेगळं झाकण, दोन फूट बाय दोन फूट. दिसायला बरं नाही म्हणता? वर कुंडी ठेवा, ती उचलता तरी येते.

तडा गेलेली शहाबादी फरशी म्हणजे झाकण नव्हे. पोरं खेळतात तिथे.

कंपाउंड बांधण्याआधी गाडीचा पाइप टाकीपर्यंत पोचेल का ते बघा.

आणि "जरा उतरून बघ रे" हे वाक्य माझ्यासमोर उच्चारायचं नाही. 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे, पण पाचशे रुपये वाचवणाऱ्यांना तो आठवत नाही. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांचा वास असतो; प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. म्हणजे वास थांबला तर गॅस गेला असं नाही. पहिला पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. काही शहाणे पेटती काडी आत धरून गॅस तपासतात. आत मिथेनही असतो, बाबांनो! झाकण उघडलं की मी अर्धा तास लांब बसतो आणि बिडीवाल्याला गेटबाहेर पाठवतो. त्यानंतरही आत जातो तो फक्त पाइप.

काम झालं की घराच्या दोन कोपऱ्यांपासून झाकणापर्यंतचं अंतर टेपने मोजतो आणि मीटरच्या पेटीच्या दाराला आतून ऑइलपेंटने लिहून ठेवतो. मोबाइलमधला फोटो मोबाइलबरोबर जातो.