सायकलच्या नळीतून आणि आगकाड्यांतून भूमिती

साध्या सायकलच्या व्हॉल्व्हवर चढवतात ती बारीक रबरी नळी एक मीटर आणि आगकाड्यांच्या दोन पेट्या, काड्या जोडून भूमितीचे आकार करायला एवढं सामान पुरतं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षण कार्यक्रमात, टाकाऊ वस्तूंतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी हा खेळ मुलांच्या हाती दिला. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून (मुलांच्या विज्ञान केंद्रातून) तो कितीतरी शाळांत गेला.

काड्यांचे गुल पाण्यात भिजवून खरवडून टाका आणि काड्या वाळवा. हे काम मोठ्यांनीच करायचं. नळीचे दीड-दीड सेंटिमीटरचे तुकडे कापा. तुकड्यात दोन्हीकडून एकेक काडी अर्धा सेंटिमीटरच आत घाला. काड्या आत एकमेकींना टेकल्या की सांधा वळत नाही आणि मूल जोर लावून काडी मोडतं. मधली फट म्हणूनच महत्त्वाची.

आता ३ काड्यांचा त्रिकोण आणि ४ काड्यांचा चौकोन करून दोन्ही दाबायला सांगा. चौकोन लगेच कलंडून समभुज चौकोन होतो, त्रिकोण जागचा हलत नाही. बाजू तेवढ्याच राहून कोन बदलू शकतात, हे फळ्यावर कितीही काढून दाखवलं तरी असं पटत नाही. इथे घाई करू नका. चौकोन पक्का कसा करायचा, ते मुलालाच शोधू द्या. ते आडवी काडी लावायला जाईल आणि ती पोचणार नाही. मग खराट्याची हीर मापून कापू द्या: कर्ण बाजूच्या साधारण १.४ पट भरतो. माप सांध्याच्या मध्यापासून मध्यापर्यंत घ्यायचं. नुसती काडी मोजली तर हीर हमखास आखूड पडते.

तिसरी काडी जोडायला सांध्याला मधोमध सुईने भोक पाडा आणि काडीचं टोक जरा तासून आत सरकवा. सुई जाड असेल किंवा नळी जुनी, वाळकी असेल, तर रबर चिरतं. त्रिकोणाच्या तिन्ही सांध्यांत काड्या उभ्या करून त्यांची टोकं वर एका सांध्यात आणली की ६ काड्यांचा चतुष्फलक तयार. १२ काड्यांचा घन मात्र लोळतो. सहाही पृष्ठांवर एकेक कर्ण बसवला की ताठ उभा राहतो.

काड्यांच्या सांगाड्यात पृष्ठं दिसत नाहीत, म्हणून मुलं ती मोजायला चुकतात. त्यावर रंगीत कागद चिकटवू द्या. मग सांधे, काड्या, पृष्ठं वहीत एकाखाली एक लिहायला सांगा: चतुष्फलक ४, ६, ४, घन कर्णांशिवाय ८, १२, ६, त्रिकोणी चिती (दोन त्रिकोण तीन काड्यांनी जोडलेला आकार) ६, ९, ५. सांधे आणि पृष्ठं मिळून काड्यांपेक्षा दरवेळी २ने जास्त भरतात, हे तुम्ही आधी सांगू नका.